काय सोडू हे विचारण्याआधी, काय कमी पडतंय ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजणं) आणि ॲडिनोमायोसिस (तीच ऊती गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) दोन्हींचं निदान झालेलं. पाळीचे पहिले तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही, अंगावरून जातंही खूप. दीड वर्षात तुम्ही गहू सोडला, दूध सोडलं, साखर सोडली, मांस-मासे सोडले. कपाटात आठ बाटल्या आहेत: माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम, कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क, व्हिटॅमिन ई, बायोटिन आणि एक 'हॉर्मोन बॅलन्स' नावाचं मिश्रण. दुखणं मात्र होतं तिथेच आहे. वजन सहा किलोंनी उतरलंय, जिना चढताना धाप लागते, केस गळतात. आणि तुम्ही विचारताय, अजून काय सोडू आणि नववी बाटली कुठली आणू?

मी आहारतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बरोबरीने अशाच दुखण्याच्या बायकांना बघते आहे. तुमचा प्रश्न वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती धाप लागण्याची. कारण त्या आठ बाटल्यांमध्ये लोह नाही. म्हणून दुखण्याआधी रक्ताबद्दल बोलते.

पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर त्याला अतिस्राव म्हणतात. घरी कुणी मापटं घेऊन बसत नाही, त्यामुळे खुणा बघायच्या: दर तासा-दोन तासांनी पॅड भिजतो का, रात्री बदलायला उठावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या पुढे चालतं का. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातल्या निदान तीन तरी तुम्हाला लागू आहेत. आता हिशेब करा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ८० मिलिलिटर गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. शिवाय शरीरातून रोज सुमारे १ मिलिग्रॅम एरवीही जातं, त्याचे महिन्याचे ३०. एकूण खर्च ७०. जमेची बाजू बघा: दिवसाच्या जेवणातून १५ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं आणि त्यातलं दहा टक्के शोषलं गेलं, तर रोज दीड मिलिग्रॅम, महिन्याला ४५. दर महिन्याला २५ मिलिग्रॅमची तूट. हे सुद्धा नीट जेवणाऱ्या बाईचं गणित आहे. तुम्ही मांस-मासे बंद केलेत, म्हणजे ज्या अन्नातलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं तेच ताटातून गेलं.

याची तपासणी हिमोग्लोबिनवर थांबवू नका. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, पण तो शेवटचा टप्पा असतो. त्याच्या कितीतरी आधी साठा संपत आलेला असतो आणि तो कळतो फेरिटिन या रक्ततपासणीवरून. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. व्यवहारात बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात, आणि मलाही तेच पटतं. एक गोष्ट लक्षात ठेवायची. शरीरात दाह असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, आणि एंडोमेट्रिओसिस हा दाहाचाच आजार आहे. म्हणून त्याच्या जोडीला सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या, म्हणजे आकडा किती खरा मानायचा ते डॉक्टरांना ठरवता येईल.

फेरिटिन कमी निघालं तर नुसत्या पालेभाज्यांनी ते भरून निघणार नाही, गोळी लागेल. पण ती घ्यायचीही रीत आहे. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाला आत येऊ देत नाही. त्यामुळे दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि मळमळ, बद्धकोष्ठताही कमी होते. ज्यांना रोज घेऊन पोटाचा त्रास झाला म्हणून गोळी बंद केली, अशा कितीतरी जणींना दिवसाआड घेणं जमून गेलेलं मी पाहिलंय. डोस आणि अंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूवर्गीय फळाबरोबर घ्या. चहा-कॉफी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं तिच्यापासून दोनेक तास लांब ठेवा. हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. तपासणी न करता मात्र लोह सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनरसारख्या आनुवंशिक स्थितीतही हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि तिथे लोहाची गरज नसू शकते. गोळी काही केल्या झेपली नाही तर शिरेतून देता येतं.

आणि हे सगळं करताना रक्तस्राव आटोक्यात आणण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. भोक पडलेल्या हंड्यात मी कितीही पाणी ओतलं तरी तो भरणार नाही. ट्रानेक्सामिक ॲसिड आहे, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन आहे, इतर हॉर्मोन आहेत. ताटाच्या जोरावर हे टाळता येईल असं मी कुणालाही सांगत नाही.

आता दुखण्याकडे येऊ. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला पिळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि नसांना हुळहुळं करतात. आतड्याच्या स्नायूवरही त्यांचा असर होतो, म्हणून त्या दिवसांत जुलाब आणि मळमळ होते. ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेली असते, एंडोमेट्रिओसिसमध्ये ती गर्भाशयाबाहेर रुजलेली असते. त्यामुळे हाच खेळ भलत्या जागी चालतो. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचा रस्ता अडवतात. म्हणून ती कळ असह्य झाल्यावर नव्हे, सुरू होताहोताच आणि काहीतरी खाऊन घ्यायची असतात.

हीच रसायनं आपल्या पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांपासून बनतात. ॲरॅकिडोनिक ॲसिडपासून बनलेली प्रोस्टाग्लँडिन जहाल असतात. माशातल्या ओमेगा-३ पासून, म्हणजे ईपीएपासून बनलेली त्या मानाने सौम्य. आहाराने दुखणं कमी होईल या आशेला जो शास्त्रीय आधार आहे, त्यातला मोठा भाग एवढाच आहे. १९८९ साली अमेरिकेत नर्सेसचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला, त्यात एक लाखाहून अधिक नर्सेस होत्या. त्यातून २०१० साली असं दिसलं की ओमेगा-३ सगळ्यात जास्त खाणाऱ्या गटात एंडोमेट्रिओसिसचं निदान २२ टक्के कमी होतं, आणि ट्रान्स फॅट सगळ्यात जास्त खाणाऱ्या गटात ४८ टक्के जास्त. एकूण चरबीचा संबंध दिसला नाही. त्याच अभ्यासात पुढे रोज दोनहून जास्त वेळा लाल मांस खाणाऱ्यांत धोका जास्त दिसला.

हे वाचून लोक थेट ताटाकडे धावतात. थोडं थांबा. हे आकडे आजार कुणाला होतो याबद्दल आहेत. झालेलं दुखणं कशाने थांबतं हा प्रश्न वेगळा आहे. आणि त्याच अभ्यासात रोज तीनहून जास्त वेळा दुग्धजन्य पदार्थ खाणाऱ्या बायकांत निदान कमी होतं, तर कोबी-फ्लॉवर-ब्रोकोली रोज खाणाऱ्यांत किंचित जास्त! तुम्ही दूध सोडलंत आणि ब्रोकोली वाढवलीत, ती कुणाच्यातरी 'दाहविरोधी' यादीवरून. या आकड्यांवरून मी तुम्हाला ब्रोकोली सोडायला सांगणार नाही. पण यादी करणाऱ्याने आकड्यांतलं सोयीचं तेवढंच उचललं होतं, एवढं लक्षात घ्या.

प्रत्यक्ष दुखण्यावर कॅप्सूल देऊन झालेली चाचणीही आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एंडोमेट्रिओसिस असलेल्या मुली आणि तरुणींना सहा महिने व्हिटॅमिन डी, माशाचं तेल किंवा नुसती नकली गोळी दिली. व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, पण नकली गोळीवाल्यांचंही तितकंच कमी झालं. माशाच्या तेलाने त्याच्या निम्म्याच्या आसपास. चाचणी लहान होती, डोसही मोठा नव्हता. तरी ती मला महत्त्वाची वाटते, कारण हे दुखणं आपोआपही वरखाली होतं आणि काहीतरी सुरू केल्याच्या दिलाशानेही उतरतं, हे तिच्यात लख्ख दिसतं. युरोपातल्या प्रजनन-वैद्यक संस्थेची, ईएसएचआरईची, २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही या दुखण्यासाठी कुठल्याही एका आहाराची शिफारस करत नाहीत.

मग माझा सल्ला काय? मासे खाण्याबद्दल तुमचा आक्षेप नसेल तर आठवड्यातून दोनदा तेलकट मासा परत ताटात आणा. प्रोटीन, लोह आणि ओमेगा-३ तिन्ही एका घासात मिळतं. मासे चालत नसतील तर जवस आणि अक्रोड चांगलेच आहेत, पण त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीएमध्ये रूपांतर फार थोडं होतं. तिथे शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं. तुमची माशाच्या तेलाची बाटली मी ठेवेन. ईपीए आणि डीएचए (हेही ओमेगा-३ च) मिळून दिवसाला साधारण १ ग्रॅम, तीन पाळ्या. फरक पडला नाही तर बंद.

पोटाचा विषय मी मुद्दाम स्वतंत्र काढते, कारण माझ्या अनुभवात आहाराने सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथेच. एंडोमेट्रिओसिसच्या कितीतरी बायकांचं पोट दुपारनंतर फुगतं, कपडे घट्ट होतात, शौचाला त्रास होतो, आणि हे सगळं 'गर्भाशयाचं दुखणं' म्हणून एकाच खात्यात जमा होतं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी आतड्याच्या तक्रारी असलेल्या बायकांना लो-फॉडमॅप आहार दिला. ज्यांना एंडोमेट्रिओसिस होता त्यांतल्या ७२ टक्के बायकांच्या पोटाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. एंडोमेट्रिओसिस नसलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे जाऊन आंबणाऱ्या शर्करा. कांदा, लसूण, गहू, काही डाळी-कडधान्यं, दूध, सफरचंद यांत त्या असतात.

आता तुमच्या गव्हाकडे बघा. गहू सोडल्यावर पहिले दोन महिने पोट हलकं वाटलं असं तुम्ही लिहिलंय. ते खरंच झालं असेल. पण गव्हात ग्लुटेन हे प्रोटीन असतं तसं फ्रुक्टान नावाचं फॉडमॅपही असतं, आणि कांद्या-लसणातही तेच असतं. म्हणजे दोष ग्लुटेनचा नसून फ्रुक्टानचा असण्याची शक्यता बरीच आहे. ग्लुटेन सोडून दुखणं गेलं असं सांगणारा २०१२ चा एक इटालियन अभ्यास फार फिरतो. त्यात २०७ बायकांपैकी ७५ टक्क्यांना वर्षभरात बरं वाटलं, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. नकली गोळीनेही काय होतं ते वर पाहिलंच आपण.

एक चूक मात्र दुरुस्त करावी लागेल. गहू सोडण्याआधी सिलिॲक आजाराची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करायला हवी होती. ग्लुटेन बंद असताना ती तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. तुम्हाला लोहाची कमतरता असण्याचा संशय आहे, वजन उतरलंय, म्हणून ही तपासणी टाळू नये. त्यासाठी काही आठवडे परत गहू खावा लागेल. किती आणि कधी, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

लो-फॉडमॅप करायचाच असेल तर तो जन्मभराचा आहार नाही. दोन ते सहा आठवडे कमी करायचं, मग एकेक गट परत आणून बघायचं आणि जे सोसतं ते ताटात कायम ठेवायचं. पहिल्या टप्प्यातच अडकून पडलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं ताट अगदी ओकंबोकं झालेलं असतं. तुमचं वजन बघता मी हा प्रयोग आत्ता सुरूच करणार नाही. आधी खाणं वाढू दे, मग आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. बद्धकोष्ठता असेल तर तंतुमय पदार्थ आणि पाणी हळूहळू वाढवा, भरलेलं आतडं ओटीपोटातली कळ नक्की वाढवतं. साखर कमी केलीत ते ठीकच, तिच्यासाठी भांडणार नाही.

दूध परत आणा. पचत नसेल तर दही. याचं आणखी एक कारण आहे. पुढेमागे डॉक्टर जीएनआरएच गटातली इंजेक्शनं किंवा गोळ्या सुचवू शकतात. त्या इस्ट्रोजेन खाली आणतात आणि हाडांची घनता कमी होते. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवं, आणि एका मोठ्या पेल्यात २५० ते ३०० मिळतं. दूध बंद, वजन उतरलेलं, त्यात हे औषध, अशी गाठ पडलेली मला नको आहे.

राहिल्या बाटल्या. व्हिटॅमिन डी ची रक्तातली पातळी तपासा, कमी असेल तर घ्या. दिवसाला ४००० युनिटच्या वर स्वतःच्या मनाने जाऊ नका. मॅग्नेशियमचा पुरावा तोकडा आहे, पण मूत्रपिंड ठणठणीत असेल तर गोळीतून ३५० मिलिग्रॅमपर्यंत अपाय सहसा होत नाही आणि पोट साफ व्हायला मदत होते. ठेवा. कर्क्युमिन बंद. प्रयोगशाळेत ते छान काम करतं, बायकांमध्ये खात्रीचा फायदा दिसलेला नाही, आणि मिरीतल्या पाइपरीनबरोबर दिलेल्या जादा डोसाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीला हे लागू नाही. ग्रीन टीचा अर्कही बंद. २०१३ साली एका छोट्या चाचणीत त्याने फायब्रॉइडच्या गाठी लहान झाल्या होत्या, पण तुमच्या सोनोग्राफीत फायब्रॉइड नाहीत. त्यातल्या ईजीसीजी या मुख्य घटकाचा डोस दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झाला तर यकृताची एन्झाइम वाढतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली म्हटलंय, आणि तो लोहाचं शोषणही अडवतो. यकृतावर ताण टाकू शकणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही एकाच वेळी घेताय. त्या थांबवताना एकदा यकृताची तपासणी करून घ्या.

व्हिटॅमिन ई बद्दल मला खरंच चिंता वाटते. ई आणि सी एकत्र देऊन आठ आठवड्यांत काही बायकांचं दुखणं कमी झालेलं आहे. पण तिथे ई चा डोस १२०० युनिट होता, आणि एवढा डोस रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतो. ज्या बाईचा पॅड तासाला भिजतो तिला मी तो देणार नाही. बायोटिन केस गळतात म्हणून घेताय ना? केस बहुधा लोहामुळे गळताहेत. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येतात, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस तरी ते बंद हवं, आणि खरं तर कायमचंच. 'हॉर्मोन बॅलन्स'च्या बाटलीवर कुठला घटक किती हे लिहिलेलंच नाही. अशा मिश्रणात इस्ट्रोजेनसारखं वागणाऱ्या किंवा हॉर्मोनची गोळी घेत असाल तर तिचा असर कमी करणाऱ्या वनस्पती असू शकतात. सेंट जॉन्स वर्ट हे त्याचं ठळक उदाहरण. टाकून द्या.

नववी बाटली? एन-ॲसिटिल सिस्टीन आणि मेलाटोनिन या दोन नावांवर तुमची नजर पडली असेल. पहिल्यावर २०१३ चा एक आशादायक इटालियन अभ्यास आहे, पण तो अंडाशयातल्या एंडोमेट्रिओमाच्या गाठींबद्दल होता आणि कुणी काय घ्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. मेलाटोनिनच्या एका चाचणीत १० मिलिग्रॅमने दुखणं कमी झालं, नंतरच्या चाचणीत २० मिलिग्रॅमने नकली गोळीपेक्षा काहीच जास्त झालं नाही. दोन्हींवर मी आत्ता पैसे घालवणार नाही. आलं मात्र बघा. साध्या पाळीच्या दुखण्यात पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसाला एक-दोन ग्रॅम सुंठ उपयोगी पडल्याचं छोट्या चाचण्यांत दिसतं. तुमच्या आजारात तेवढा गुण येईल असं वचन देत नाही, मळमळीला तरी बरं पडेल.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तर उरलेल्या सगळ्या बाटल्यांची यादी सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, माशाच्या तेलासकट.

यापुढे एका वेळी एकच बदल. वहीत रोज दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या, किती पॅड लागले आणि पोट कसं होतं ते लिहा, आणि दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. वहीत काय खाल्लं याची कबुली लिहायची नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला म्हणून पुढची पाळी दुखली असं सांगताना रडली होती. तिची पाळी त्या तुकड्यामुळे दुखली नव्हती. तुमचीही तुमच्या हातून काही चुकलं म्हणून दुखत नाही. हा आजार तुम्ही खाऊन ओढवून घेतलेला नाही, आणि उपास करून तो जाणारही नाही.

लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत राहिला, चक्कर येऊन पडायला झालं, छातीत धडधडायला लागलं किंवा शौचातून रक्त गेलं तर तपासण्यांच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, सीआरपी, व्हिटॅमिन डी, यकृत आणि थायरॉइड एवढं करून घ्या, आधी तीन दिवस बायोटिन बंद ठेवून. आकडे आले की ते आणि सध्याच्या औषधांची नावं घेऊन परत लिहा. लोहाचा डोस काय असावा आणि वजन कसं वाढवायचं हे मग तुमच्या डॉक्टरांना सोबत घेऊन नेमकं ठरवू. दूध आणि अंडी मात्र त्याची वाट न बघता उद्यापासूनच सुरू करा.